कोनाड्यातला राजा

नवा राजा गादीवर बसला आणि त्या समारंभाची शिळा कोरायचं काम पाथरवट साक्मोकडे आलं. अशा शिळा त्याच्या बापानंही कोरल्या होत्या: वर कोनाड्यात बसलेला राजा, खाली शिडी, शिडीवरच्या कापडावर उमटलेली पावलं आणि पायथ्याशी उभी राजमाता. पिसांचा मुकुट झाला, जग्वारचं कातडं झालं. राहिला फक्त चेहरा.

राजा दुपारभर समोर बसे. साक्मो त्याला निरखून बघे, पण शिळेकडे वळला की नाक सरळ होतं की बाकदार, हेही त्याला आठवत नसे. पुन्हा बघावं तर सगळं जागच्या जागी.

"वय झालं तुमचं," बायको इश्तुल म्हणाली. "डोळ्यांत मध घाला."

"तुला आठवतो का गं त्यांचा चेहरा?"

"न आठवायला काय झालं?" मका वाटता वाटता तिचे हात थबकले. "मी लांबून पाहिलंय."

राजाचं नाक बिघडवलं म्हणून बोटं ठेचलेला एक कारागीर साक्मोच्या ओळखीचा होता. शेवटी धीर करून साक्मो राजमातेकडे गेला.

"आईसाहेब, महाराजांचा चेहरा तुम्हीच सांगा."

ती म्हणाली, "वडिलांसारखा काढ."

"थोरल्या महाराजांना मी पाहिलंय. हे तसे दिसत नाहीत."

"मग कसे दिसतात?" तिनं विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता.

साक्मोनं चेहऱ्याची जागा नुसती घासून गुळगुळीत केली. चौकात भर गर्दीत शिळेवरचं कापड ओढलं गेलं, तेव्हा त्यानं हात काखेत दडवले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग पुढचा एक सरदार म्हणाला, "हुबेहूब," आणि मागे सगळे तेच म्हणू लागले. राजमातेचे डोळे भरून आले. राजा शिळेला टेकवलेली शिडी चढून वर गेला, त्या गुळगुळीत दगडावरून त्यानं सावकाश बोट फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या तोंडावरून फिरवलं.

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "मला कुणी सांगत नव्हतं."

घरी जाताना वाटेत माणसं साक्मोचं कौतुक करत होती. तो कुणाच्याच चेहऱ्याकडे न बघता, मान खाली घालून आवाजावरून ज्याला त्याला ओळखत होता. घरात इश्तुल पाठमोरी चूल फुंकत बसली होती.

"आवडली का लोकांना शिळा?"

"आवडली."

"मग असे दारातच का उभे?" ती वळू लागली.

"वळू नकोस," साक्मो म्हणाला. "तशीच बोलत राहा."