मनगटातला हमाल

दोन लेकरं घेऊन लीला रहिमतपूरहून मिरजेला डॉक्टरकी शिकायला आली. सासऱ्यांनी बजावलं होतं, एकदा जरी नापास झालीस तरी बिऱ्हाड परत गावी.

मनगटाची आठ हाडं ती अंगाईच्या चालीवर घोकायची. धाकट्याला त्याशिवाय झोप येईना. ती शेजारी वाचत बसली की घरमालकीण बनुबाईही त्याला तेच गायची. फक्त शेवटचं 'हॅमेट' तिच्या तोंडी 'हमाल' झालं होतं.

तोंडी परीक्षेत लीलानं सात हाडं धडाधड सांगितली.

"आणि आठवं?"

"हमाल!"

परीक्षक हसता हसता चष्मा पुसू लागले. "हॅमेट हो! पण ओझं तेही उचलतंच. जा, पास."

घरी बनुबाईनं विचारलं, "कुटं अडलीस का गं?"

"तुमच्या हमालापाशी."

"मंग? पोचवलं न्हवं त्यानं?"