डॉनच्या मांडीवरचा डाग

आमच्या घरी मी भासऱ्यांशी बोलत नाही आणि भासरे माझ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे सुनेनं तोंड उघडू नये, ही इथली रीत. लग्नाला पाच वर्षं झाली, पण खेमराजभाऊंचा एक शब्द कधी थेट माझ्याकडे आला नाही. त्यांना काही हवं असलं तर ते सासूबाईंना सांगतात आणि सासूबाई मला सांगतात. मी तिथेच तीन हातांवर उभी असते. सासूबाई नसल्या तर मधला माणूस म्हणून माझी अडीच वर्षांची नीतू चालते. नीतू झोपलेली असली तर कुत्रासुद्धा चालतो. "काय गा डॉन, आज भाजीत मीठ नाई पडलं वाटते." हे सांगितलं जातं डॉनला, आणि उठून मीठ आणते मी.

डॉन आमचा जर्मन शेफर्ड. भासऱ्यांचा धानाचा व्यापार आहे. माल घराशेजारच्या शेडमध्ये असतो, त्याच्या राखणीसाठी त्यांनी दिवाळीत हे दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाला लागून. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, आणि डॉन हे नाव लावणारा हा प्राणी प्रत्येक विमानाला बाजेखाली शिरायचा. भासरे चिडायचे. "चोराले पाहून बी बाजेखालीच जाशीन का बे?"

जानेवारीत गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम म्हशींना लस द्यायला आल्या. मी डॉनलाही रेबीजची लस टोचून घेतली आणि त्याच्या खाण्याचं विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. मोठ्या जातीचं पिल्लू आहे, वर्षभर हाडं झपाट्यानं वाढतात, नुसत्या भातावर ती धरत नाहीत. भात थोडा, सोबत अंडं, दही, हाड काढून उकडलेली कोंबडी. कॅल्शियम लिहून देते तेवढंच. तिखट नाही, कांदा नाही. दिवसातून दोनदा फिरवा, सारखं बांधून ठेवू नका. तीन महिन्यांनी घेऊन या, वजन करू. हे सगळं मी कागदावर उतरवलं आणि सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

मग स्वयंपाकघरातून माझ्या निरोपाचं काय होतं ते ऐकलं.

"दवाखान्याची बाई म्हने, याले पोटभर घालत जा," सासूबाई म्हणाल्या.

"घालतोच ना."

"अंडी बी म्हने."

"अंडी कोनाले खायची हायत? कुत्र्याले की तिले?"

दोघंही हसले. तव्यावरची पोळी माझ्यासमोर काळी झाली.

बारा ओळींचा कागद, त्यातली दीड ओळ पोचली. मी तो कागद फ्रिजला चिकटवला आणि आपलं काम झालं असं समजले, हेही इथेच सांगून टाकते. नंतर मी सगळ्यांवर चिडले, त्यात माझा वाटा कमी नाही.

डॉनला दोन वेळा भात मिळायचा, परातभर. वर रश्श्याची तर्री आणि मुद्दाम कुस्करलेल्या दोन हिरव्या मिरच्या. "तिखट खाईन तर तिखट होईन," हे भासऱ्यांचं शास्त्र. डॉन खायचा, मग भांडंभर पाणी प्यायचा, मग शिंकायचा. दिवसभर शेडच्या खांबाला हातभर दोरीनं बांधलेला. वर टिनाचं छप्पर आणि एप्रिलचं ऊन. मी दोरी लांब करून यायची, भासरे ती पुन्हा आखडायचे. आम्ही दोघं त्या दोरीवरूनच काय ते बोलायचो म्हणा ना.

मी सासूबाईंजवळ कुरकुर केली तर त्या म्हणाल्या, "कॉलेजात बेडूक कापला म्हनून डॉक्टरीन झाली का तू?"

एप्रिलच्या शेवटी डॉन लंगडायला लागला. मागचा डावा पाय टेकण्याआधी तो जणू विचार करायचा. अंग तीस किलोचं आणि पाय असे की चालताना गुडघे एकमेकांना विचारून वळतात. मी नवऱ्याला सांगितलं. हेमेंद्र गोंदियाला राइस मिलमध्ये आहेत, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. ते म्हणाले, "उन्हाळी धान निघू दे, दादाशी बोलतो." आमच्या घरात मी सोडून सगळे दादांशी बोलू शकतात, आणि कोणीच बोलत नाही.

मे महिन्यात माहेरी तिरोड्याला लग्न होतं. मी नीतूला घेऊन चार दिवस गेले. परत आले तर डॉनच्या अंगाला हळद-तेलाचा वास. "मालीश करून राहिलो त्याची," सासूबाई म्हणाल्या. मला बरंच वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. नीतू धावत डॉनकडे गेली आणि रोजच्यासारखा त्याच्या मागच्या बाजूला हात टेकवून त्याच्यावर रेलली. तो असा गुरगुरला की माझ्या हातातला पिळा खाली पडला. मान फिरवून त्यानं हवेत दात आपटले. नीतू मागच्या मागे बसली. दात लागला नव्हता. मी तिचा हात, कोपर, गाल, मान नळाखाली धरून पाहिली, उजेडात नेऊन पाहिली, साबणानं धुऊन पुन्हा पाहिली. एक ओरखडाही नव्हता. पण त्या दातांचा आवाज माझ्या कानातून जाईना.

"हा कुत्रा आजच्या आज घरातून गेला पाहिजे," मी ओरडले. "नाही तर मी जाते पोरीला घेऊन."

आणि बघा, त्या दिवशी पहिल्यांदा माझा निरोप एका शब्दाची गळती न होता पोचला. दहा मिनिटांत भासऱ्यांनी खुशालला फोन लावला. खुशाल म्हणजे त्यांचा धान वाहणारा पिकअपवाला. चार वाजता येऊन तो डॉनला बोदलकशाच्या पलीकडे जंगलात सोडून येणार, असं ठरलं. "पिसारला असंन," असं सासूबाई शेजारी सांगूनही आल्या.

नीतू झोपली. मी खिडकीशी बसले, नजर कुत्र्यावर. दार लावलेलं, कडी घातलेली, तरी नजर हटवायची हिंमत नव्हती. म्हणूनच दिसलं. तो एका कुल्ल्यावर वाकडा बसला होता. मान वळवून एकच जागा चाटायचा, थांबायचा, अंग शहारायचं, पुन्हा तीच जागा. डोक्यावरून विमान गेलं. त्यानं बाजेकडे पाहिलं, उठायला म्हणून पुढचे पाय ताणले आणि तसाच बसून राहिला. वाकून बाजेखाली जाणं त्याला जमत नव्हतं.

मी एका हातात पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन गेले. तो पाणी प्यायला. पीत होता तेवढ्यात मी दांड्यानं त्याचे मांडीवरचे केस बाजूला केले. हळदीनं चिकटलेल्या केसांखाली दोन काळ्या रेघा होत्या, वीतभर लांब, एकमेकींना छेदणाऱ्या. कडेला पू, त्यावर माशी.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "गावातले बैल पाहते त्या चैतरामनं डाग देला ना. तापलेल्या इळ्याचा. बैल लंगडला का देतेतच. तू नव्हती तवा."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर तू बोंबलली असती."

हे मात्र खरं होतं.

मी हेमेंद्रना फोन लावला. मागे मिलचा खडखडाट. "तू शांत राह," ते म्हणाले, "संध्याकाळी मी दादाशी..." मी फोन ठेवला. चारला गाडी येणार होती आणि हे संध्याकाळचं सांगत होते. तीन पायांवरचं जनावर, अंगावर उघडी जखम, बिबट्याच्या जंगलात. आणि त्याला तिथे पाठवणारी मी.

गाडी पावणेचारलाच आली. खुशाल उतरला, पान थुंकला. भासरे शेडमधून बाहेर आले आणि खांबाची दोरी सोडायला लागले. मी अंगणात उतरले. डोक्यावर पदर नव्हता, कारण अंगात गाऊन होता.

"त्याला जंगलात नेऊ नका," मी म्हणाले.

भासऱ्यांनी आधी मागे पाहिलं. मी दुसऱ्या कोणाशी बोलते आहे असं त्यांना वाटलं असावं. मग ते सासूबाईंकडे वळले. "आई, तिले सांग, सकारी तिनंच म्हनलं होतं."

"मी इथेच उभी आहे," मी म्हणाले. "हो, मीच म्हटलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं. डाग देताना त्याला धरलं कोणी?"

"अवो, भासऱ्यासंग बोलून राहिली," सासूबाई मागून म्हणाल्या. खुशालनं गाडीच्या टायरमध्ये काहीतरी पाहायला सुरुवात केली.

"मी विचारते आहे, धरलं कोणी?"

भासरे डॉनकडे बघत राहिले. मग त्याच्याचकडे बघत म्हणाले, "मीच धरलं. चैतरामच्या हातानं माह्या बापाचे बैल उभे झाले. बैलाचं दुखनं जाते तर कुत्र्याचं काऊन नाई जानार?"

एवढं लांब वाक्य ते माझ्या उपस्थितीत कधी बोलले नव्हते, आणि ते असं. मला वाटलं होतं, त्यांना त्या जनावराची पर्वा नाही. पर्वा होती. म्हणून तर मला जास्त चीड आली. पर्वा नसती तर त्यांनी त्याला नुसतं लंगडू दिलं असतं.

"त्याचा पाय मुरगळलेला नाही," मी म्हणाले. "हाडंच कच्ची आहेत. सहा महिने तुम्ही त्याला भात आणि मिरची घातली. काय घालायचं ते फ्रिजवर लिहून लावलं आहे. तुम्ही रोज तिथून थंड पाणी काढता."

"मले वाटलं किराण्याची यादी होय."

खुशाल हसला आणि लगेच खोकला.

"माझी पोरगी त्याच्या भाजलेल्या जागेवर रेलली. तुमच्या भाजलेल्या जागेवर कोणी रेललं असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्यानं चावा घेतला नाही. दात होते, तोंड जवळ होतं, तरी घेतला नाही. गाडी आलीच आहे तर दवाखान्यात घ्या. पाचला बंद होतो."

नाही म्हणायचं तर भासऱ्यांना माझ्याशी बोलावं लागलं असतं, आणि मधला माणूस म्हणून त्या क्षणी कोणी पुढे आलं नाही. त्यांनी वाकून डॉनच्या छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात घातले. मी म्हटलं, "डाव्या मांडीला लावू नका." त्यांनी हात बदलला आणि त्याला उचलून गाडीत ठेवलं. मी नीतूला सासूबाईंकडे दिलं, पुढे खुशालजवळ बसले. मागे रिकाम्या पोत्यांवर भासरे आणि डॉन.

दवाखान्यात आमच्याआधी दोन बकऱ्या होत्या. डॉक्टर मॅडमनी डॉनला टेबलावर घेतलं, पाय वाकवून पाहिले, सांधे दाबून पाहिले, मग केस बाजूला केले आणि थांबल्या.

"हे कोणी केलं?"

मी भासऱ्यांकडे पाहिलं. या वेळी निरोप्या व्हायची माझी इच्छा नव्हती.

"आम्हीच केलं, मॅडम," भासरे म्हणाले.

"खायला काय देता?"

"भात."

"अजून?"

"भातच." मग डॉनकडे बघत, "मिरची."

मॅडम त्यांना जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. मी पाच वर्षांत मनातल्या मनात तयार केलेल्या भाषणापेक्षा ते चांगलं होतं. पिसाळण्याचं मी दोनदा विचारलं. लस झालेली आहे, लक्षण एकही नाही, तरी दहा दिवस नजर ठेवा आणि मुलीला तोवर दूरच ठेवा, असं त्या म्हणाल्या. कुत्रा दुखावलेला आहे, बाकी काही नाही. हाडांचा फोटो गोंदियाला काढावा लागेल. वय कमी आहे, खाणं सुधारलं तर हाडं भरतील, पण डावा पाय पूर्ण सरळ होईलच असं सांगता येत नाही.

"राखणदारी करनार नाई मंग हा," भासरे म्हणाले.

"वर्षभर तरी नाही. ठेवायचा आहे की नाही ते आत्ता सांगा. जखम रोज धुवावी लागेल, दोन माणसं लागतील. नसेल ठेवायचा तर मी दुसरीकडे बघते."

मी तोंड उघडणार होते. भासरे आधी बोलले. "घरी नेतो."

"धरा मग त्याचं डोकं. बधिर करायचं इंजेक्शन लगेच लागू होत नाही, आधी दुखेल."

त्यांनी डॉनचं डोकं छातीशी धरलं. मॅडमनी पू काढायला सुरुवात केली. डॉन किंचाळला, नखं टेबलावर घासली, सगळं अंग थरथरलं. मी मागचा पाय धरला होता, ती थरथर माझ्या खांद्यापर्यंत येत होती. चैतरामनं विळा टेकवला तेव्हाही भासऱ्यांनी त्याला असंच, याच हातांनी धरलं असणार. आणि तो कुत्रा ओरडता ओरडता मध्येच थांबून तेच हात चाटत होता. मनगट, बोटं, अंगठा, पुन्हा मनगट. भासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला त्यांची दया आली असती तर बरं झालं असतं. नाही आली. उलट त्या कुत्र्याचाच राग आला. इतकं भोगल्यावर कोणाचा हात चाटावा आणि कोणाचा नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.