रविवारची साक्ष

परदेशात ख्रिस्ती सेवेला आलेल्या कुटुंबाने दर रविवारी हसायचं असतं. आमच्या गावच्या चर्चची मंडळी व्हिडिओ कॉलवर जमते, आणि आम्ही तिघं सोफ्यावर बसतो: नवरा, मी आणि आमची चिमणी. मागे भिंतीला ओल आली आहे, म्हणून त्यावर चादर टांगतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. ही म्हण आमच्यासारख्यांनी वापरू नये, पण दुसरी कुठली चपखल बसत नाही.

गावी बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मी जाते. चिमणीला घेऊन जाते."

"बघू. प्रार्थना करू," तो म्हणाला.

आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे पोरीलाही कळतं. मी मात्र बॅग काढली. चिमणीचे स्वेटर तळाशी घातले आणि वर बाबांसाठी घेतलेली लोकरीची टोपी ठेवली.

रविवारी साक्ष द्यायची पाळी नवऱ्याची होती. महिनाभरात काय घडलं ते सांगायचं. पण इथे काय घडतं? भाड्याच्या हॉलमध्ये सात-आठ माणसं येतात, त्यातली निम्मी बाहेरच्या थंडीमुळे. सांगण्यासारखं काही नसलं की माणूस घरातलं काढतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या पत्नीचे वडील आजारी आहेत. तरीही तिने सेवा सोडायची नाही असं ठरवलंय."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. पलीकडे टाळ्या वाजल्या, पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. सगळ्यांदेखत नवऱ्याला खोटं पाडायचं माझ्याच्याने झालं नाही. मी मान हलवली. मग हसलेसुद्धा.

कॉल संपल्यावर मी फाडफाड बोलले. तो बिचारा खरंच गोंधळला. "तू बॅग भरलीस, पण तुझ्या मनात राहायचंच आहे असं मला वाटलं," म्हणाला. त्याला स्वतःचं म्हणणं नेहमी देवाचं वाटतं आणि माझं गप्प राहणं होकार. माणूस वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"मी तरीही जाणार," मी म्हटलं.

संध्याकाळी गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाबांनी पडल्यापडल्या कॉलवरचं सगळं ऐकलं. भेटायला येईल त्याला सांगतायत, माझी पोर मागे हटली नाही. तू येऊ नकोस म्हणाले."

"ते स्वतः म्हणाले?"

"हो."

मग मी कशाच्या जोरावर जाणार? बॅग पलंगाखाली सरकवली. चिमणीला थंडी वाजायला लागली तसे तिचे स्वेटर एकेक करून बाहेर आले.

बाबा एका बुधवारी गेले. दफनविधी मी फोनवर पाहिला. कुणाच्या तरी हातात फोन होता, त्यामुळे मला जास्त करून लोकांच्या पाठीच दिसल्या. मग बहिणीशी बोलले. ती रडत होती, आणि रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं, "रोज विचारायचे गं. आली का, आली का."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"कसं कळवू? दिवसा लोकांना अभिमानाने सांगायचे, आणि लोक गेले की दाराकडे बघत राहायचे. तुझ्यासाठी अख्ख्या मंडळीने टाळ्या वाजवल्या होत्या, ताई. मला म्हणाले, तिला खाली बघायला लावू नकोस."

पुढच्या रविवारी चादर टांगली. पाळकसाहेब म्हणाले, "ताईंनी दोन शब्द बोलावेत."

मी बोलले. "मला जायचं होतं. मी राहायचं ठरवलं नव्हतं. ते यांनी ठरवलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माझे बाबा दाराकडे बघत गेले."

कुणीतरी खोकलं. मग पाळकसाहेब सावकाश म्हणाले, "आपल्या भगिनीचं दुःख मोठं आहे. तिला बळ मिळावं म्हणून आपण सगळे डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. शेजारी नवऱ्यानेही मिटले, आणि चिमणीनेही, कारण तिला तसंच शिकवलंय. मी फोन बंद केला. ती दोघं तशीच डोळे मिटून बसली होती.