दोन खोल्यांमधलं दार

साहेब, या दवाखान्याचे प्रमुख तुम्ही, हे पाप तुमचं आहे, सुताराचं नाही. माझ्यात खिळे ठोकताना तो बिचारा विचारत होता, "चांगलं दार आहे की, कशाला बंद करताय?" तुम्ही फोनवर बोलत बोलत निघून गेलात.

मित्रांनो, मी दवाखान्यातलं एक जुनं लाकडी दार आहे. माझ्या डावीकडे दारू सोडवण्याचा विभाग, उजवीकडे नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांचा सल्ला कक्ष. मला घडवलं ये-जा करायला, पण कित्येक वर्षं माझ्यापुढे कपाट उभं होतं. डावीकडे एखादा कबूल करायचा, "बायकोवर हात उठतो हो." उत्तर ठरलेलं, "ते पलीकडच्यांचं काम. तू बाटली सोड, बाकी आपोआप थांबेल." उजवीकडे बाई रडायची, "पितो हो तो." "व्यसनाचं आम्ही बघत नाही, ताई." एकच घर, दोन खोल्यांत चिरून वाटलेलं!

मग एक संशोधक डॉक्टरीणबाई आल्या. दारू आणि मारहाण, दोन्हींवर एकत्र उपचार करून बघायचे, हा त्यांचा अभ्यास. त्यांनी कपाट हलवलं, माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आधी बाईशी एकटीशी बोलायचं, तिच्या जिवाला धोका नाही ना ते बघायचं. पुरुषाला एकाच बैठकीत दोन्हींचा जाब विचारायचा. अशा बैठकीत एक फिटर बोलला, "खरं सांगू? शुद्धीत असतानाही मारलंय मी तिला. दारूचं नाव पुढे केलं की लोक सोडून देतात."

मी लाकूड, पण मलाही तडा गेल्यासारखं झालं.

त्याच्यावर काम सुरू झालं. त्याची शिवणकाम करणारी बायको एकदा हसत म्हणाली, "परवा भाजी करपली, तर हा मुकाट्याने बाहेर चक्कर मारून आला. मी भूत बघितल्यासारखी बघतच राहिले!"

तेवढ्यात अभ्यासाची मुदत संपली. डॉक्टरीणबाई हात जोडून म्हणाल्या, "हे अर्ध्यावर सोडू नका." तुम्ही म्हणालात, "दोन विभाग, दोन कामं. नियम म्हणजे नियम." आणि खिळे आले.

आज दुपारी डावीकडे टाळ्या वाजल्या. फिटरची दारू सुटली! खरंच सुटली. त्याच वेळी उजवीकडे त्याची बायको बसली होती, हात प्लास्टरमध्ये.

"प्यायला होता का?" सल्लागार ताईंनी विचारलं.

"नाही हो. थेंबसुद्धा नाही."

इतक्यात डावीकडची नर्स व्हरांड्यातून तिला शोधत आली. "अहो, इथे काय बसलात? हाताला काय झालं, पडलात का? बरं, चला. नवरा सोन्यासारखा होऊन थांबलाय, घेऊन जा घरी."

मला ओरडायचं होतं, पण दाराला आवाज फुटतो तो उघडतानाच.

मित्रांनो, दारं नुसती रंगवू नका, वापरा. याहून जास्त मला मागता येत नाही.

साहेब, ताई तिला सांगताहेत, "आज घरी जाऊ नका." ती म्हणते, "पोरगी शाळेतून घरीच येणार ना?" ती पदर सावरून उठली आहे. तो बाहेर उभा आहे, शुद्धीत.

तिला कुणाच्या भरवशावर पाठवताय? बोला.