आठव्या दिवसाचं तेल

"ह्यावर तुमचा कुणाचाच विश्वास बसणार नाही," अशी सुरुवात दौलतराव गेली चाळीस वर्षं करत आले होते, आणि कुणाचा बसतही नव्हता. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

आता मात्र टेंभी नाक्याजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं मांडीवर काचेच्या बरण्या घेऊन बसली होती, आणि त्या सगळ्यांचा विश्वास बसला होता. बरणीत खोबऱ्याचं लोणी. म्हणजे सुकं खोबरं, न भाजता, मिक्सरमध्ये लोण्यासारखं मऊ होईतो वाटलेलं. तळाला पांढरा गोळा आणि त्यावर दोन बोटं नितळ तेल. माणसं बरणी ट्यूबलाइटसमोर धरत होती, शेजाऱ्याला दाखवत होती.

"माझा आजार किती वर आलाय बघा!"

"तुमची शुगर ना? माझं बीपी. बीपीचं जरा पातळच येतं."

"आमच्या ह्यांची मूळव्याध आहे. महाराज म्हणाले, चारचौघांत दाखवू नका."

स्टेजवर कुंडलिक महाराज. चार महिन्यांपूर्वीपर्यंत हे महाराज घरांची दलाली करत आणि गटाराकडे उघडणाऱ्या खिडकीला 'वॉटर व्ह्यू' म्हणत. जिभेला वंगण तेव्हापासूनचंच.

"गोळी काय करते? आजाराला खाली दाबते! इंजेक्शन काय करतं? आत कोंडतं! आणि बरणी? बरणी वर खेचते! मंडळी, हे विज्ञान आहे. न्यूटननं खाली पडणारं फळ पाहिलं, आपण वर येणारं तेल पाहिलं!"

टाळ्या.

नियम चार. बरणी आठ दिवस उशाशी ठेवायची. हलवायची नाही. फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवायची नाही. आणि त्या आठ दिवसांत औषधाला हात लावायचा नाही. तेल वर आलं, तर आजार निघाला. फार आलं, तर आजार मोठा, दुसरी बरणी घ्या. एसीच्या गारव्यात लोणी दगडासारखं घट्ट झालं, तर आजार गोठला, दुसरी बरणी घ्या. आठव्या दिवशी तेल महाराजांच्या पिंपात ओतायचं. पिंपातलं तेल पुढच्या रविवारी 'सांधेसुधा' म्हणून बाहेरच्या टेबलावर विकायला असायचं. लोकांचे आजार लोकांच्याच गुडघ्यांना चोळले जात होते आणि लोक म्हणत होते, फरक पडतोय.

महाराजांच्या उजव्या हाताला शाल पांघरून दौलतराव बसले होते. बरणीचा पहिला अनुभव त्यांचा.

तो अनुभव असा. वर्तकनगरला त्यांची सून रसिका घरच्या घरी खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं लोणी करून जिमला जाणाऱ्या पोरांना विकते. तिची एक बरणी दौलतरावांनी पळवली होती आणि उशाशी ठेवून दुपारी बोटानं चाटत होते. एक दिवस बघतात तर वर तेल.

"रसिका, हे नासलं का गं?"

"नाही हो बाबा. वाटलेल्या खोबऱ्यातलं तेल गरम हवेत सुटतं. ते हलकं, म्हणून वर येतं. चोथा जड, तो खाली बसतो. शेंगदाण्याचंही तसंच होतं. ढवळून घ्या, झालं. बरणीवर लिहिलंय की मी! आणि ओलं बोट घालू नका, बुरशी धरेल."

दौलतरावांनी ढवळलं नाही. 'वापरण्यापूर्वी ढवळा' लिहिलेला कागद नखानं खरवडून काढला आणि बरणी घेऊन सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. "ह्यावर तुमचा कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण हा माझ्या गुडघ्यातला वात आहे. आठ रात्रींत बाहेर आला. आता मी जिने उड्या मारत चढतो." बाक हसला. सोसायटीत फ्लॅट दाखवायला आलेला एक दलाल तेवढा हसला नाही. त्यानं बरणी हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "काका, ही कुठे मिळते?"

पुढचं सगळं त्या दलालानं केलं, हे दौलतराव स्वतःला रोज सांगत. पण शाल त्यांनी घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर लोक हसत नव्हते, वहीत लिहून घेत होते. अशा माणसाला खरं बोलायला सांगणं म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवणं.

मग कल्याणहून रखमाबाईंचा फोन आला. ही त्यांची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, चौदा वर्षं इन्सुलिन घेणारी.

"दौल्या, तुझा गुडघा बरा झाला ना? मग मीपण सुई बंद केली हो. बरणी आणलीय."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. दौलतरावांनी तोंड उघडलंही. "बरं केलंस," असं त्यातून बाहेर पडलं. रविवारी समोर बसून समजावू, असं त्यांनी ठरवलं. रविवारी हॉलमध्ये हार होता, शाल होती, समजावणं राहून गेलं. अक्काच्या पायाच्या अंगठ्याला साधी जखम होती, ती चिघळली. मग अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ॲडमिट व्हा, नाहीतर पाय जाईल. अक्का म्हणाली, "उद्या आठवा दिवस आहे. तेल ओतते, मग बघू."

तो आठवा दिवस आजचा. रखमाबाई पहिल्या रांगेत होत्या. पायाला फडकं, फडक्यावर प्लास्टिकची पिशवी. शेजारच्या बाईनं वास सोसेना म्हणून खुर्ची हळूच सरकवून घेतली होती. स्टेजवरून दौलतरावांना ती सरकलेली खुर्ची दिसत होती.

तेवढ्यात मागच्या दारानं रसिका आली. ती थेट स्टेजवर चढली आणि पिशवीतून चार बरण्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या.

"महाराज, ह्यातली आजारी माणसाची कुठली, तेवढं सांगा."

महाराजांनी डोळे मिटले, हात फिरवला आणि दुसऱ्या बरणीवर ठेवला. "ही! अरेरे, केवढी पीडा! ह्या जिवाला रात्र-रात्र झोप नाही."

"ही आठ दिवस आमच्या चपलांच्या कपाटात होती," रसिका म्हणाली. "कुठल्या चपलेला झोप नाही, तेही सांगा."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं.

"ही स्कूटरच्या डिकीत. ही पंपरूममध्ये. आणि ही शेवटची ह्या पुढे बसलेल्या आमच्या आत्यांच्या घरात, त्यांच्या उशाशी. सगळ्यांत तेल सारखंच आहे, बोट लावून मोजा." तिनं पाचवी बरणी काढली. "ही फ्रिजमध्ये होती. हिच्यात थेंबसुद्धा सुटला नाही. म्हणून तर ह्यांच्याकडे फ्रिजला बंदी!"

मग तिनं चमचा घेतला, चपलांच्या कपाटातल्या बरणीत घातला आणि खसाखसा ढवळलं. तेल दिसेनासं झालं. "घ्या, गेला आजार परत आत. आता कुणाला झाला?"



"ताई, पण माणसाची श्रद्धा असते..." एक म्हातारा म्हणाला.

"असू दे ना काका, मी ती मागत नाहीये. एवढंच करा. एक बरणी आजाऱ्याच्या उशाशी ठेवा, एक चपलांपाशी. दोन्हींत तेच झालं, तर ते आजारामुळे झालेलं नाही. हे बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही, आठ दिवस लागतात. आणि त्या आठ दिवसांत औषध चालू ठेवा. औषध बंद करा असं जो कुणी सांगेल, त्याला आधी विचारा, मी मेलो तर जबाबदारी कोण घेणार?"

दोन-तीन माणसं मांडीवरच्या बरणीत बोट घालून ढवळायला लागली. महाराजांनी माइक ओढला.

"सून सासऱ्याला खोटं पाडायला निघालीय, मंडळी! कलियुग! दौलतराव, तुम्हीच बोला. तुमचा गुडघा बोलू दे!"

अडीचशे तोंडं दौलतरावांकडे वळली. ते उठले.

"थाप होती," ते म्हणाले. "बाकावर बसून मारलेली थाप."

"बघा!" महाराजांचा आवाज चढला. "मोठी माणसं मोठेपणा अंगाला लावून घेत नाहीत!" आणि टाळ्या पडल्या. जन्मभर खोटं बोललेला माणूस एकदाच खरं बोलला, तर त्याला टाळ्या मिळाल्या, ऐकणारा कुणी मिळाला नाही.

दौलतरावांनी शाल खुर्चीवर टाकली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. पायऱ्या तीनच होत्या. पहिलीवर गुडघ्यातून कळ गेली, तोंडातून "आई गं" निघालं. दुसरीवर त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. तिसरीवर रसिकानं धरलं. टाळ्या थांबल्या.

ते बहिणीसमोर खाली बसले. जवळून वास अंगावर आला. "अक्का, चल. दवाखान्यात जाऊ."

 रखमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं सोसेना, तेव्हा दौलतरावांची जीभ जुन्या वाटेनं निघाली.

"मला ठाऊक नव्हतं गं. देवाशपथ. तेल आपोआप वर येतं, हे मला कुठलं ठाऊक? मला खरंच वाटलं, की गुडघ्यामुळेच..."

"खोटं," रखमाबाई म्हणाल्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "आई खोबऱ्याचं वाटण करून वाडग्यात ठेवायची. सकाळी वर तेल तरंगायचं. त्यात पहिलं बोट कुणाचं असायचं? तुझं. तुला ठाऊक होतं, दौल्या."

त्यांनी मांडीवरची बरणी खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"मलाही ठाऊक होतं. आता उचल मला."