नव्या विद्यापीठाची समई

मित्रांनो, मी एका नव्या विद्यापीठाची जुनी समई आहे. पितळेची, पाच वातींची. विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. सानपाड्याचा एक भाड्याचा मजला आणि मी, एवढंच. पहिल्या दीपप्रज्वलनाला माझा ऊर भरून आला होता. गोरगरिबांची मुलं इथे शिकतील, असं जो तो भाषणात सांगत होता. मी भाबडी, मला ते खरंच वाटलं.

पुढे जुईनगरला इमारत झाली आणि उद्घाटनांचं शुक्लकाष्ठ माझ्या मागे लागलं. ग्रंथालयाचं उद्घाटन झालं, आत पुस्तकं नाहीत. वसतिगृहाचं झालं, आत खाटा नाहीत. वात विझू नये म्हणून पंखे बंद करायचे, घामाघूम पाहुण्यांनी मला लावायचं, फोटो काढायचा, की दाराला कुलूप! रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन तर दोनदा झालं, कारण पाहुणे बदलले. नुसता संताप व्हायचा माझा. पण समईला विचारतो कोण?

त्याच प्रयोगशाळेचं तिसऱ्यांदा उद्घाटन ठरलं, तेव्हा तिथे निशिगंधा होती. बीएस्सीची मुलगी, खाडीकाठच्या गावातली. त्या गावाच्या शेतांवरच ही इमारत उभी आहे. तिला स्वागताचं तबक घेऊन उभं केलं होतं. पाहुण्यांनी वाती लावल्या, टाळ्या झाल्या. निशिगंधानं तबक खाली ठेवलं, टेबलावरची परीक्षानळी चिमट्यात धरली आणि थेट माझ्या ज्योतीवर आणली.

"अगं, काय चाललंय? बाजूला हो, फोटो राहिलाय!" कुलसचिव नंदकिशोर साहेब ओरडले.

"सर, बर्नरला गॅसच नाय. पुढच्या आठवड्यात आमची प्रॅक्टिकलची परीक्षा हाय. वर्ष गेलं तर कोन भरून देनार?"

पाहुण्यांनी तिथूनच गॅससाठी फोन लावला आणि परीक्षेच्या आधी गॅस आला. निशिगंधा पास झाली.

शिक्षा मात्र मला! समारंभाची शोभा झाली म्हणून मला अडगळीच्या खोलीत टाकलं. आता विजेवर चालणारी समई आणली आहे म्हणे. तिच्यावर कुणाला काही तापवता येत नाही ना!

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला घासूनपुसूनही ठेवू नका. एवढंच करा. तुमच्या शाळेत कशाचंही उद्घाटन असलं, तर आधी आत जा आणि नळ सोडून बघा. पाणी आलं, तरच टाळ्या वाजवा.