वाईस कुठे बसवायचा

लाकूड आणि लोखंड एका खोलीत नांदवायचं म्हणजे दोन सवतींना एका चुलीवर बसवायचं, असं मोरू मिस्त्री म्हणायचे. लोखंड घासलं की त्याचा कीस उडतो. तो रंधलेल्या फळीत जाऊन बसला की ओल लागताच फळीवर काळा डाग उठतो, आणि पुढच्या वेळी रंधा फिरवला की पात्याची धार जाते. तेलाचा हात फळीला लागला तर तिथं जोडाचा सरस धरत नाही. उलट लाकडाचा भुसा ओल धरून ठेवतो. तो लोखंड घासायच्या कानशीवर साचला की कानस गंजते. दोघंही एकमेकांचं नुकसान करतात, आणि चूक दोघांचीही नसते.

म्हणून भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या मिस्त्रींच्या घरात आजवर फक्त लाकूडच होतं. मोरू मिस्त्री भिवंडीच्या लूमसाठी आडवा धागा नेणारे धोटे दुरुस्त करायचे, धोट्याला फटका देणाऱ्या काठ्या घडवायचे. त्यांचा मुलगा पंढरी मात्र लोखंडात गेला. तो एका लूमच्या कारखान्यात फिटर होता. चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात चालत्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. अंगठा आणि तळवा राहिला, चार बोटं गेली.

तेव्हापासून पंढरी ओटीवर बसून असे. दुःख करत नव्हता, चिडत नव्हता. जेवायला हाक मारली की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. बायको चंद्रा कधी विचारायची, "दुखतंय का?" तो हाताकडे बघून म्हणायचा, "न्हाय." ते खरंच होतं. जखम भरली होती, आणि भरलेल्या जागी काहीच कळत नव्हतं. आतही तसंच झालं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

श्रावणात चंद्राचा भाऊ लडकू पडघ्याहून आला. तिथल्या भातगिरणीच्या फाटकावर राखणदार हवा होता.

"दाजी, काम काय न्हाय. बसायचं. गाडी आली की फाटक उघडायचं."

"खुर्ची तरी देतील का रे?" चंद्रानं विचारलं.

"स्टूल हाय. पण सावलीत हाय."

"बघा, साहेबच झाले," चंद्रा म्हणाली आणि आत निघून गेली.

"दसऱ्यापर्यंत जागा धरून ठेवतो म्हणालेत," लडकू पंढरीला म्हणाला. "सोनं द्यायला येईन तवा सांगा."

पंढरीला हो म्हणायचंही नव्हतं, नाही म्हणायचंही नव्हतं. पण मोरू मिस्त्री हे ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आली होती. मुलगा एकदा स्टुलावर जाऊन बसला की पुन्हा हत्यार धरणार नाही, हे त्यांना उमगलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बैल विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा झाडायला घेतला.

ते महिनाभर खपले. मध्ये कारवीचा कूड उभा करून शेणानं लिंपला, म्हणजे कीस इकडे उडणार नाही आणि भुसा तिकडे जाणार नाही. पुढच्या भागात, दाराच्या उजेडात, लाकूडकाम. मागच्या भागात लोखंड. तिथं जमिनीवर वाळू पसरली, ठिणगी पडली तर विझावी म्हणून. मागच्या भिंतीला खिडकी पाडली. लोखंड जबड्यात घट्ट धरणारा पंढरीचा वाईस कारखान्यातून आणवून जाड बाकड्यावर बोल्ट लावून बसवला. बाकडं अशा भिंतीला लावलं, की समोर उभं राहिलं म्हणजे खिडकी डाव्या हाताला येईल. उजव्या हातानं काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो. नाहीतर हाताची सावली नेमकी कापायच्या रेघेवर पडते.

धार लावायची पथरी दोघांच्या कामाची, पण तिला तेल लागतं, म्हणून ती लोखंडाकडे गेली. कुडातल्या दारातून मोकळ्या भिंतीला हात लावत लावत मोरू मिस्त्री तिच्यापर्यंत पोचत. आता ते सगळं हातानंच बघत. रंधा कुठं, पटाशी कुठं, हे बोटांना पाठ होतं.

"डोळं न्हाय तरी चालंल," ते म्हणत, "पर जागा हवी."

शेवटी त्यांनी शिसवाची एक मूठ घडवली. आतून पोकळ, तळव्याच्या आकाराची, वर चामड्याचा पट्टा. ती उजव्या हाताला बांधायची आणि तिच्यात लोखंड कापायच्या करवतीचा दांडा बसवायचा. डाव्या हातानं हत्यार चालवणं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. हत्यार म्हणजे देव. देवाला डावा हात लावतात का?

घटस्थापनेच्या आधी त्यांनी पंढरीला हाक मारली. मूठ स्वतः बांधली. पंढरीनं वाईसमध्ये एक सळी धरली आणि करवत ओढली. पातं हललं, डुगडुगलं, घसरलं. त्यानं पुन्हा ओढली. बराच वेळ ओढत राहिला. मग वाळूवर एक काळा थेंब दिसला, त्याच्या शेजारी दुसरा. पट्ट्याखालून रक्त येत होतं. त्याला काही जाणवलंच नव्हतं. दिसलं म्हणून कळलं.

"बसली का मूठ?" बापानं विचारलं. त्यांना थेंब दिसले नाहीत.

"बसली."

"मग आता सवय करायची."

पंढरीनं मूठ सोडून खुंटीला टांगली. पडघ्याला जायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. ठरवताना बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून पुढच्या भागात पाटावर मांडली. रंध्याशेजारी कानस, करवतीशेजारी पाना. हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. मिस्त्री हात जोडून बराच वेळ बसले.

दुपारी पंढरी जेवायला बसला. घास घशाशी अडकला आणि त्यानं न बघता तांब्या उचलला. प्यायला, खाली ठेवला. मग तो त्या तांब्याकडे बघत राहिला. तांब्या डाव्या हाताला होता.

त्यानं घरभर नजर फिरवली. सदऱ्याची खुंटी दाराच्या डाव्या बाजूला आली होती. काड्यापेटी चुलीच्या डाव्या कोनाड्यात होती. अंथरुणाशेजारचा कंदीलही बाजू बदलून बसला होता. तो इतके महिने डाव्या हातानं सगळं घेत होता आणि त्याला कधी शोधावं लागलं नव्हतं.

"तांब्या या बाजूला कवापासून ठेवतेस?"

"झाले की दिस," चंद्रा म्हणाली. "पावसाच्या आधीपासून."

"बोलली न्हाईस."

"तांब्या ठेवायला काय बोलायचं?" तिनं भात वाढला.

जेवून तो गोठ्याच्या मागच्या भागात गेला. भिंती रिकाम्या होत्या, हत्यारं पूजेत होती. तो वाईससमोर उभा राहिला आणि हवेतच डाव्या हातानं करवत ओढल्यासारखं केलं. खिडकीतल्या उन्हात हाताची सावली नेमकी वाईसच्या जबड्यावर पडली. तो मागं वळून समोरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथं खिडकी उजवीकडे आली. डावा हात हलवला. सावली बाहेर पडली, जबड्याची जागा उजळ राहिली.

पण ती भिंत बापाच्या वाटेची होती. तीच धरून ते पथरीपर्यंत जात.

दसऱ्याला उजाडताच पूजा उतरली. त्यानं पाना डाव्या हातात घेतला, बोल्ट सोडले. चंद्रानं न विचारता बाकड्याचं दुसरं टोक उचललं. बाकडं समोर गेलं, त्यावर वाईस चढला. कानशी, हातोडी, करवत डावीकडच्या खिळ्यांवर गेल्या. जी भिंत मोकळी झाली, तिच्या कडेला पथरी ठेवली. पुढच्या, लाकडाच्या भागातली एकही वस्तू त्यानं हलवली नाही.

शेवटचा बोल्ट आवळायचा होता, तेवढ्यात मोरू मिस्त्री पटाशी घेऊन आत आले. नेहमीच्या भिंतीला हात लावत चालले आणि बाकड्याचा कोपरा मांडीला लागला.

"आई गं! हितं काय ठेवलंय रं?"

"वाईस हाय, बा."

"वाईस समोर हाय."

"व्हता. मी हिकडं आणला."

त्यांनी चाचपून बघितलं. जबडा, दांडा, बाकड्याची कड. मग खिडकीकडे तोंड केलं. एवढा उजेड त्यांना कळत होता.

"म्हणजे उजेड उजव्या अंगानं आला."

"हां."

"आन् मूठ?"

"खुंटीला हाय."

"रुतती का?"

"मला कळत न्हाय, बा. नुसतं रगत येतं."

मोरू मिस्त्रींनी जबड्यावरून पुन्हा हात फिरवला. चंद्रानं पदर सारखा केला.

"डाव्या हातानं हत्यार..." एवढं बोलून ते थांबले. मांडी चोळली. "मग मी कुठनं जाऊ?"

"त्या भिंतीनं. मोकळी केलीय."

ते कुडाच्या दारापर्यंत मागं गेले. दुसऱ्या भिंतीवर हात ठेवला आणि पहिल्यापासून चालू लागले, पाटीवरचं पहिलं अक्षर गिरवावं तसे.

"पथरी?"

"आजून फुडं. आजून. खाली बघ."

हात पथरीवर पडला. "हं," ते म्हणाले. तरी पुन्हा दारापर्यंत गेले आणि पुन्हा चालत आले. या वेळी विचारलं नाही. बसले आणि पटाशीला धार लावू लागले.

पंढरीनं सळी वाईसमध्ये आवळली. करवत डाव्या हातात धरली, उजवा तळवा सळीवर दाबून ठेवला. तेवढं त्या हाताला जमत होतं. पातं रेघेवर ठेवून ओढलं. रेघ दिसत होती. करवत तिच्यावरून जात नव्हती, पण दिसत होती.

लडकू आपट्याची पानं घेऊन आला तो थेट गोठ्यात.

"सोनं घ्या दाजी! काय, ठरलं का? गिरणीवाले वाट बघतात."

"थांब," पथरीपाशी बसलेले मिस्त्री म्हणाले. "त्याला कापू दे."

डावा हात करवतीवर होता. पंढरीनं उजवा तळवा पुढं केला. लडकू क्षणभर गडबडला, मग त्यानं पानं त्याच तळव्यावर ठेवली आणि अंगठा वर मिटवला. पानं आहेत की नाहीत, हे पंढरीला जाणवलं नाही. त्यानं बघितलं. होती.

"गिरणीवाल्यांना सांग, दुसरा बघा म्हणावं," तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. पानं बाकड्यावर ठेवून त्यानं तळवा पुन्हा सळीवर दाबला.

"तायडे, हे काय?" लडकू बहिणीला म्हणाला.

"चहा घेतोस ना?" चंद्रा म्हणाली.

करवत चालत राहिली. सळीचा तुकडा वाळूत पडला. वाळूत पडल्यामुळे आवाज झाला नाही.

"पडला का?" मोरू मिस्त्रींनी विचारलं.

"पडला."

"वाकडा?"

"वाकडा."

"दुसरा लाव," ते म्हणाले आणि पटाशीचं पातं अंगठ्यानं बघू लागले.